आपल्याविषयी लिहिण्याआधी



संयोजकांनी आम्हांला विषय दिला तो 'आपला इतिहास आणि संशोधन' असा. विषय मोठा आणि वेळ थोडा, म्हणून त्यातला एकच प्रश्न घेतो. आपल्या पूर्वजांविषयी, आपल्या गाण्यांविषयी, आपल्या घरादारांविषयी विद्यापीठांत जे लिहिले जाते आणि दूर देशी छापले जाते, ते लिहिण्याआधी आपल्याला कोणी विचारते का? आणि विचारावे असे म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे का? आम्ही, म्हणजे संस्थेच्या दस्तऐवज समितीतली चार-पाच माणसे, गेली काही वर्षे या प्रश्नाशी झगडत आहोत. आज जे बोलणार आहोत ते सगळ्यांनाच पटेल असे नाही. समितीतसुद्धा ते एकदम पटलेले नाही.

आपल्याविषयीचे पहिले लिखाण म्हणजे नोंदवही. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाज पोर्ट लुईला लागले आणि त्यातून ३६ मजूर उतरले, हे आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. ते कलकत्त्याहून आले होते. पुढे मुंबई बंदरातूनही जहाजे निघाली आणि त्यांतून कोकणातली आणि घाटावरची आपली माणसे आली. कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने त्यांची संख्या कितीतरी कमी होती. १८४९ पासून धक्क्यावर जो इमिग्रेशन डेपो उभा राहिला, त्यालाच आज आपण आप्रवासी घाट म्हणतो. गिरमिटाच्या सगळ्या काळात जवळजवळ पाच लाख माणसे हिंदुस्थानातून या बेटावर आली आणि प्रत्येकाला एक क्रमांक मिळाला. क्रमांकापुढे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, जिल्हा, अंगावरची खूण, जहाज आणि कोणत्या मळ्यावर पाठवले त्याची नोंद.

ही नोंदवही कोणी, कोणासाठी लिहिली याचा विचार करा. कारकुनाला मराठी येत नव्हते. आपला खापरपणजोबा जे नाव सांगे, ते कारकुनाच्या कानाला जसे लागे तसे उतरे. म्हणून एकाच घराण्याची आज तीन-तीन आडनावे आहेत, आणि कित्येकांच्या आजोबांचे पाळण्यातले नाव हेच नातवंडांचे आडनाव होऊन बसले आहे. गावाचे नावही तसेच. कारकुनाने लिहिलेले गाव नकाशावर शोधता शोधता आपल्यातले काही जण रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत भटकून आले आहेत. कपाळावरचा व्रण मात्र अचूक नोंदलेला असे, कारण माणूस पळाला तर तो व्रण उपयोगाचा होता.

छायाचित्रांचेही तसेच. महात्मा गांधी संस्थेत, मोक्याला, जपून ठेवलेली ती जुनी छायाचित्रे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहेत. पहिल्यांदा पाहताना डोळे भरून येतात, यात लाजण्यासारखे काही नाही. पण ती काढली कशासाठी? १८६७ च्या मजूर कायद्याने गिरमिटाची मुदत संपलेल्या 'जुन्या आप्रवाशां'ना छायाचित्र असलेले तिकीट जवळ बाळगणे भाग पाडले. रस्त्यावर पोलिसाने हटकले आणि तिकीट दाखवता आले नाही, तर भटक्या म्हणून पकडत. तिकीट हरवले तर नवे काढायला पैसे मोजावे लागत. म्हणजे ती छायाचित्रे हौसेची नव्हेत. त्या चेहऱ्यांवर जे गांभीर्य दिसते त्याला लेखक मंडळी कधी 'प्रतिष्ठा' म्हणतात, कधी 'मूक वेदना' म्हणतात. आम्हांला वाटते, त्यातला बराच भाग साधा धाक असावा. आज तीच छायाचित्रे पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आणि प्रदर्शनांच्या फलकांवर दिसतात. खाली छायाचित्र जतन करणाऱ्या संस्थेचे नाव असते, पुस्तकावर प्रकाशकाचे असते. चेहऱ्याचे नाव पुष्कळदा नसते, जरी नोंदवहीत ते शोधून सापडण्याजोगे असले तरी.

जाता जाता एक सांगतो. मुंबईकडे मॉरिशसहून जी बारीक पांढरी साखर जाई, तिला तिकडच्या बायका 'मोरस' म्हणत. आपल्या बेटाचे नाव तिकडच्या स्वयंपाकघरात पोचले. ऊस तोडणाऱ्यांची नावे पोचायला मात्र फार काळ लागला.

आता कोणी म्हणेल, त्या काळी कोण कोणाला विचारत होते? तेव्हा १८७१ ची गोष्ट आठवावी. आदोल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्या गृहस्थांनी जुन्या आप्रवाशांच्या वतीने गव्हर्नरांकडे एक अर्ज नेला. राजारत्नम मुदलियार यांची त्यांना मदत होती. अर्जात तिकिटाचा जाच, पोलिसांची धरपकड, मजुरी कापण्याची रीत हे सगळे मांडले होते. द प्लेव्हित्झ यांना हे स्वतःच्या नावाने पुस्तिका काढून सांगता आले असते. त्यांनी पुस्तिका काढलीही, आपली टिपणे जोडली, पण मुळात अर्ज होता तो ९,४०१ माणसांचा. लिहिता न येणाऱ्यांच्या खुणांसह. मळेवाले खवळले, पोर्ट लुईच्या रस्त्यात द प्लेव्हित्झ यांच्यावर हल्ला झाला, त्यांना बेटावरून हाकलून द्यावे अशी मागणी झाली. पण १८७२ मध्ये विलायतेहून शाही आयोग नेमला गेला आणि १८७५ मध्ये त्याचा अहवाल बाहेर आला. गावोगाव फिरून, सही-अंगठा घेऊन, माणसांना विचारून त्यांच्याविषयी लिहिता येते, हे दीडशे वर्षांपूर्वी याच बेटावर एका माणसाने करून दाखवले आहे. म्हणून 'ते फार अवघड आहे' असे आज कोणी सांगितले की आम्हांला ९,४०१ हा आकडा आठवतो.

त्यानंतर आपल्यावर अभ्यासूंनी लिहिले, आणि चांगले लिहिले, हे आधी मान्य करू. १९६१ साली लंडनच्या सरकारी प्रकाशन खात्याने बर्टन बेनेडिक्ट यांचे मॉरिशसमधील भारतीयांवरचे पुस्तक काढले. त्या अभ्यासाला पैसा वसाहतींच्या संशोधनासाठी ठेवलेल्या निधीतून आला होता. तरीही त्यात खेड्यातल्या कुटुंबव्यवस्थेची जी माहिती आहे ती दुसरीकडे मिळत नाही. १९७४ मध्ये ह्यू टिंकर यांनी गिरमिट ही गुलामगिरीचीच नवी पद्धत होती असे पुस्तकाच्या नावातच सांगितले. १९९६ मध्ये मरीना कार्टर यांनी आप्रवाशांची स्वतःची पत्रे आणि जबान्या शोधून छापल्या, आणि कागदांच्या ढिगाऱ्यातून आपल्या माणसांचा आवाज ऐकू आला. संशोधक म्हणजे चोर, असे बोलणे कृतघ्नपणाचे होईल. हे लोक आले नसते तर कितीतरी वह्या वाळवीने खाल्ल्या असत्या.

आमची तक्रार वेगळी आहे आणि ती अलीकडच्या काळातली आहे. एक उदाहरण देतो. गावाचे नाव सांगत नाही, संशोधकाचे तर मुळीच नाही.

पश्चिमेकडच्या एका गावात गणेशोत्सवात झाकरी रंगते. कोकणातल्या जाखडीची ही आपली बहीण. परदेशातल्या एका विद्यापीठातून एक अभ्यासक आले. स्वभावाने चांगले, दोन गणेशोत्सव राहिले, मोदक खाल्ले, पोरांत मिसळले. झाकरीचे ध्वनिमुद्रण केले, म्हाताऱ्या गाणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. प्रत्येकापुढे इंग्रजीत दोन पानी कागद ठेवला आणि सही घेतली. घरी क्रिओल बोलणाऱ्या, मराठी गाणाऱ्या माणसाने त्या इंग्रजी कागदावर काय वाचले असेल? पाहुण्याला नाही कसे म्हणायचे, एवढेच वाचले.

तीन वर्षांनी एका नियतकालिकात लेख आला. गावात कोणाला कळलेच नाही. एका मुलीला, ती विद्यापीठात शिकत होती म्हणून, तो संगणकावर दिसला. उघडायला गेली तर तीस-चाळीस डॉलर मागितले. हे पैसे अभ्यासकाला मिळत नाहीत, हेही सांगायला हवे. अशा नियतकालिकांत लेखकाला मानधन नसते, तपासणारे विद्वान फुकट तपासतात, आणि पैसे जातात प्रकाशन कंपनीकडे. लेख सर्वांना खुला ठेवायचा तर उलट लेखकाच्या संस्थेकडून मोठी फी घेतात. ती श्रीमंत विद्यापीठांना परवडते, आपल्याकडच्या संशोधकाला बहुधा परवडत नाही. थोडक्यात, ज्यांनी गायले त्यांनी पैसे भरून वाचावे, अशी ही व्यवस्था.

तेही सोसले असते. लेखात नावे बदललेली होती, 'गोपनीयतेसाठी'. पण 'या गावातील झाकरीचे नेतृत्व करणारे निवृत्त बसचालक' असे लिहिले, तर गावात असे बसचालक किती असणार? त्यांनी चहा घेता घेता शेजारच्या मंडळाविषयी, वर्गणीविषयी, जुन्या एका भांडणाविषयी जे बोलून टाकले होते, ते सगळे अवतरणचिन्हांत छापलेले. मोठ्या देशातल्या मोठ्या शहरासाठी केलेले नियम या एवढ्याशा बेटावर चालत नाहीत. इथे नाव झाकले तरी माणूस उघडाच राहतो. पुढच्या वर्षी दोन मंडळे वेगवेगळी गायली. ते काका आता झाकरीला उभे राहत नाहीत. आणि ज्या गाण्याची ओळ न् ओळ त्यांनी बापाकडून घेतली होती, त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क कायद्याने, जसा तो सहसा असतो तसा, मुद्रण करणाऱ्याकडे.

या कामात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. म्हणूनच आम्हांला ते उदाहरण महत्त्वाचे वाटते.

दुसरीकडे लोकांनी काय केले, ते आम्ही शोधू लागलो. अमेरिकेत ॲरिझोनात हवासुपाई नावाची छोटी आदिवासी जमात आहे. १९९० पासून त्यांच्या रक्ताचे नमुने मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतले गेले. पुढे कळले की तेच रक्त मानसिक आजारांवर आणि जमात मुळात कुठून आली यावरच्या लेखांसाठी वापरले. त्यांनी विद्यापीठावर दावा लावला. २०१० मध्ये तडजोड झाली, सात लाख डॉलर मिळाले आणि, त्यांच्या दृष्टीने मोठी गोष्ट, रक्त परत मिळाले. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता काढली. त्याआधी २०१० मध्ये नामिबियातल्या काही सान वृद्धांच्या जनुकांवर लेख छापला गेला होता. त्या वृद्धांची संमती घेतली होती, पण समाजाच्या प्रतिनिधींना कोणी विचारले नव्हते. हार्वर्ड विद्यापीठाकडे रेंटी आणि डेलिया या गुलाम बापलेकीची १८५० मधली छायाचित्रे होती, एका प्राध्यापकाने वंशाचा सिद्धान्त सिद्ध करण्यासाठी कपडे उतरवून काढलेली. त्यांच्या वंशज म्हणवणाऱ्या एका स्त्रीने २०१९ मध्ये दावा केला आणि २०२५ मध्ये हार्वर्डने ती छायाचित्रे सोडायचे कबूल केले. ही शेवटची गोष्ट वाचली तेव्हा मोक्याच्या छायाचित्रांची आठवण आम्हां सगळ्यांना एकदमच झाली.

इथे एक सावधपणा हवा. हवासुपाई, सान, न्यूझीलंडचे माओरी हे त्यांच्या भूमीचे मूळ रहिवासी. आपण तसे नाही. डच येण्याआधी या बेटावर माणसाची वस्तीच नव्हती. आपण सगळे जहाजाने आलेले, कोणी साखळदंडात, कोणी कराराने, कोणी मालक म्हणून. त्यामुळे मूळ रहिवाशांचे सगळे हक्क उचलून आपल्या नावावर लावणे बरे नाही. पण 'तुम्ही कराराने आलेले, तुम्हांला काय विचारायचे' हे बोलणे कुठे नेते, तेही आपल्याच शेजारी घडले आहे. शागोस बेटांवरची माणसे पिढ्यान् पिढ्या तिथे राहत होती. तळ उभारायचा ठरल्यावर इंग्रज अधिकाऱ्यांनी कागदावर त्यांना फिरते कंत्राटी मजूर ठरवले, कायमचे रहिवासी नव्हेत म्हणून. १९६८ ते १९७३ या काळात ती बेटे रिकामी केली गेली. माणसाचे वर्णन कोण करतो यावर त्याचे घर राहते की जाते, हे पोर्ट लुईच्या वस्त्यांत राहणाऱ्या शागोसच्या लोकांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

आता अवघड भागाकडे येतो.

नोंदवहीत जातीचा रकाना आहे. तिथे कुठे 'मराठा' आहे, कुठे 'कुणबी', कुठे 'महार'. आज २०२४ पासून भारत सरकारने सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्डाची सोय केल्यामुळे पुष्कळ घरे आपल्या पूर्वजाचा उतारा शोधू लागली आहेत. आणि काही घरांत तो उतारा हातात पडल्यावर शांतता पसरते. लग्न जुळवताना आम्ही जात बघत नाही असे म्हणणारी मंडळी हळूच तो रकाना बघतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. उद्या कोणी विद्वानाने घराण्यांच्या नावांसकट ती यादी छापली तर काय होईल? दुसऱ्या बाजूला, तो रकाना कायमचा झाकून टाका असे सांगणारे कोण असतात, तेही पाहा. पुष्कळदा ज्यांना आपण सगळेच थोर घराण्यातले होतो असे दाखवायचे असते, तेच. ज्या माणसाला गावात विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, तो समुद्र ओलांडून इथे आला, घाम गाळून जमिनीचा तुकडा घेऊन उभा राहिला, तर तो इतिहास का झाकायचा? तो अभिमानाने सांगायचा इतिहास आहे. डेपोत एकटी उतरलेली बाई, इथे येऊन दुसरा घरोबा केलेली बाई, भटकेपणाच्या गुन्ह्याखाली तुरुंगात गेलेला आजा, हे सगळे आपलेच.

म्हणून आमचे मत असे झाले की गाळण्याचा हक्क आपल्याला नाही, विचारले जाण्याचा आहे. किती माणसे कोणत्या जातीची, कोणत्या जिल्ह्यातली आली, याचे आकडे खुशाल छापावेत. पण अमुक क्रमांकाचा अमुक माणूस, त्याची जात, त्याच्या अंगावरची खूण, त्याचा तुरुंगवास, आणि तो आजच्या अमुक घराचा पूर्वज, अशी जोडणी करायची असेल तर त्या घराला आधी कळवावे. ते नाही म्हणाले तर वाट पाहावी. समितीतले एक ज्येष्ठ सदस्य म्हणतात की दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसावर कोणाही नातवंडाचा ताबा नसतो, इतिहास सगळ्यांचा. त्यांचे म्हणणे खोडून काढता आलेले नाही. आम्ही मतभेद तसाच नोंदवला आहे.

आणखी एक प्रश्न उरतो तो म्हणजे 'आपण' कोण. विचारायचे तर कोणाला? फेडरेशनला, मंडळाच्या अध्यक्षाला, की झाकरी गाणाऱ्या काकांना? संविधानाच्या चार गटांत आपण 'हिंदू' या एका शब्दात मावतो आणि मराठी म्हणून दिसतच नाही. म्हणून कोणी 'मराठी समाज' असे लिहिले की आपण सुखावतो आणि बाकी काही विचारत नाही. पण समाजाच्या नावाने सही करणारे बहुतेक पुरुष असतात, वयस्क असतात, आणि गोंधळाच्या रात्री स्वयंपाकघरात काय गायले जाते ते त्यांनी कधी ऐकलेले नसते. बायकांच्या गाण्यांसाठी बायकांनाच विचारावे लागेल. २०१६ मध्ये आपल्या भोजपुरी भगिनींचे 'गीत-गवाई' युनेस्कोच्या यादीत गेले. अशा नोंदणीसाठी त्या समाजाची आगाऊ आणि समजून दिलेली संमती सरकारला सादर करावी लागते. सरकारला जे बंधन आहे ते एका लेखाला का असू नये?

शेवटी कामाचे बोलतो. समितीने एक पानाचा कागद तयार केला आहे, मराठीत आणि क्रिओलमध्ये, मागच्या बाजूला इंग्रजी. जो अभ्यासक आपल्याकडे येईल त्याने तो वाचून सही करायची, उलटे नाही. त्यात लिहिले आहे की मुद्रणाची एक प्रत गावात राहील, छापण्याआधी आपला उल्लेख असलेला भाग आपल्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवला जाईल, आणि नाव लावायचे की झाकायचे हे बोलणारा ठरवेल. पुष्कळ गाणाऱ्यांना नाव झाकलेले नको असते, त्यांना ते मोठ्या अक्षरात हवे असते. छापलेला लेख मंडळाला विनामूल्य मिळावा, ही अटही आहे. पुष्कळ प्रकाशक लेखकाला स्वतःची प्रत वाटू देतात, मागितली तर मिळते. लेखात चूक दिसली तर आपले उत्तर छापण्याची विनंती अभ्यासकाने स्वतः प्रकाशकाकडे करावी, असेही एक कलम आहे. त्यावर अजून वाद चालू आहे. कायद्याच्या दृष्टीने या कागदाला किती वजन आहे, ते वकील मंडळी पाहत आहेत.

कागदाच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जेवणाला जाताना एकेक घ्या आणि घरी वाचून दाखवा, विशेषतः ज्यांना वाचता येत नाही त्या म्हाताऱ्या माणसांना. दुरुस्त्या सुचवायच्या असतील तर कागदाच्या खाली जागा सोडली आहे. पुढच्या बैठकीपर्यंत त्या आमच्याकडे पोचवा.